साडेतीन डॉलरमध्ये बेट आरपार

प्रिय मैत्रिणीच्या लाडक्या लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. तिचा प्रश्न, पोरगी परक्या बेटावर एकटी कशी हिंडणार. तुझा प्रश्न, ऑफिसची परिषद गुरुवारी संपते, शनिवारी दुपारी टोरांटोला परतायचं, मधला एकच शुक्रवार हाताशी, तर त्यात कॅरिबियनमधलं बार्बाडोस कसं बसवायचं. आईशी मी बोलले आहे. तुला लिहूनच सांगते, म्हणजे तिथे पोचल्यावर पुन्हा काढून वाचता येईल.

तुझी यादी नीट पाहिली. हॅरिसनची गुहा, कासवांबरोबर पोहायला नेणारी कॅटामरान बोट, रमची भट्टी, सेंट निकोलस ॲबी हा मळेवाल्याचा जुना वाडा, उत्तर टोकाची ॲनिमल फ्लॉवर केव्ह, बेथशेबा, ऑइस्टिन्स. आणि सगळ्यात खाली, ‘जमल्यास ब्रिजटाऊन’. माझं उभं आयुष्य माणसांना सहलीला नेण्यात गेलं, तेव्हा सरळच सांगते. यातलं निम्म्याहून अधिक काढून टाक. आणि ‘जमल्यास’ म्हणून जे तळाला ढकललंयस, ते सगळ्यात वर घे.

बेट लहान आहे, हे खरं. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर. नकाशात पाहिलं की वाटतं, एका दिवसात सहज उरकेल. पण रस्ते अरुंद, वळणावळणाचे, आणि बहुतेक वाटा ब्रिजटाऊनपाशी येऊन मिळणाऱ्या. सातही ठिकाणं करायची तर दिवसभराची टॅक्सी करावी लागेल, आणि रात्री तुझ्या लक्षात राहतील त्या सात पार्किंगच्या जागा. गुहा सुंदर आहे, चुनखडीचे लोंबते खांब आहेत, पाण्याचे झरे आहेत. पण ट्राममध्ये बसून आत जायचं, बाहेर यायचं, आणि येण्याजाण्यात अर्धा दिवस संपवायचा. कॅटामरान चार जणांच्या सहलीला उत्तम. एकटीने एवढे पैसे घालून अनोळखी घोळक्यात दुपार काढण्यात मला काही गंमत दिसत नाही. हे सगळं दुसऱ्या खेपेला ठेव.

माझं म्हणणं असं. शुक्रवारी सकाळी ब्रिजटाऊन पायी. मग सरकारी बसने बेट आडवं ओलांडून पूर्वेला बेथशेबा. दुपारी त्याच बसने परत, कार्लाइल बेमध्ये समुद्रात डुंबणं, रात्री ऑइस्टिन्सला जेवण. शनिवारी विमानतळावर जाता जाता न्यूटन. न्यूटन तुझ्या यादीत नाही. खरं तर त्याच्याचसाठी मी हे लांबलचक पत्र लिहायला घेतलं आहे.

आधी पैशांचं सांगते, कारण तिथूनच सगळं सुरू होतं. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबर निम्मा, दोनास एक, आणि हा दर कित्येक दशकं बदललेला नाही. अमेरिकन नोटा दुकानात घेतात, पण सरकारी बसमध्ये तिथलेच पैसे लागतात, तेही मोजून. ड्रायव्हर सुटे परत देत नाही. २०१९ पासून भाडं साडेतीन डॉलर आहे, बेटावर कुठूनही कुठेही. म्हणून हॉटेलच्या काउंटरवर आदल्या रात्रीच नोट मोडून घे. एक डॉलरचं नाणं सात कोनांचं असतं, त्यावर उडता मासा कोरलेला. पंचवीस सेंटच्या नाण्यावर पवनचक्की. तीन मासे आणि दोन पवनचक्क्या मिळून साडेतीन डॉलर. बसमध्ये टाकण्याआधी ती नाणी जरा तळहातावर घेऊन बघ. मासा रात्री तुझ्या ताटात येणार आहे. पवनचक्की म्हणजे मॉर्गन लुइसची, उसाचा चरक वाऱ्यावर फिरवणारी, आणि त्या पवनचक्कीची गोष्ट तुला दिवसभर सोडणार नाही.

पाच डॉलरची नोट हातात आली तर ती खर्च करण्याआधी आईला फोटो काढून पाठव. तिच्यावर सर फ्रँक वॉरेल आहेत. तुझ्या आजोबांच्या पिढीला हे नाव सांगावं लागत नसे. मार्च १९६२ मध्ये आपला संघ बार्बाडोसशी खेळत असताना कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला, कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त हवं होतं. आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी ते दिलं, आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार असलेल्या वॉरेलनेही दिलं. कोलकात्यात आजही त्याच्या नावाने रक्तदान शिबिर भरतं. अशा माणसाला एका देशाने आपल्या नोटेवर बसवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

केन्सिंग्टन ओव्हलला तू जाणारच, मी नको म्हटलं तरी. २९ जून २०२४ ची, टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची ती रात्र तू टोरांटोत जागवली नसशील, तिथे तर भरदिवसाच सामना होता, पण इकडे आमची अख्खी गल्ली जागी होती. दक्षिण आफ्रिकेला सात धावा कमी पडल्या, आणि आपल्या रोहितने खेळपट्टीवरची माती उचलून तोंडात घातली. सामना नसेल तेव्हा मैदान बाहेरूनच बघायचं. दाराशी सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. तेवढं करून पुढे नीघ, पंधरा मिनिटं पुरेत.

आता ब्रिजटाऊन. सकाळी आठच्या आत पोच. तुझं हॉटेल हेस्टिंग्जला आहे म्हणतेस, म्हणजे दक्षिण किनाऱ्याच्या हमरस्त्यावरच. तिथल्या बसथांब्यांच्या पाट्यांवर दोनच मजकूर असतात, शहराकडे आणि शहराबाहेर. चुकायला जागा नाही. निळ्या बस सरकारी, पिवळ्या मिनीबस खासगी, आणि पांढऱ्या रंगावर लालसर पट्टा असलेल्या व्हॅन म्हणजे ‘झेड-आर’, नंबरप्लेटच्या अक्षरांवरून पडलेलं नाव. त्यांच्यात गाणी मोठ्याने, माणसं दाटीने, वेग जास्त. सकाळी शहरापर्यंत झेड-आरने जा, तो अनुभव घ्यायलाच हवा. लांबच्या प्रवासाला मात्र निळी बस.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, कुणाला वाट विचारताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग कामाचं बोलायचं. दुपारनंतर ‘गुड आफ्टरनून’. बार्बाडोसमध्ये हा रिवाज फार मानतात. सरळ प्रश्न टाकणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो. मी माझ्या गटातल्या माणसांना विमानातच हे घोटून घ्यायला लावत असे, आणि ज्यांनी ते पाळलं त्यांना बेटाने वेगळीच वागणूक दिली. एकटीने हिंडणाऱ्या मुलीला तर याचा दुहेरी उपयोग. बसमधल्या आजीबाईंना तू आधी अभिवादन केलंस की पुढचा तासभर तू त्यांची जबाबदारी होतेस. कुठे उतरायचं ते त्या ड्रायव्हरला ओरडून सांगतात.

ब्रिजटाऊन आणि तिथली गॅरिसन ही लष्करी वसाहत २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. आधी केरिनेजवर जा, शहराच्या पोटात शिरलेली ती अरुंद खाडी. पूर्वी इथे जहाजं कलती करून त्यांची बुडं खरवडत, शंखशिंपले काढून डांबर फासत. पुलापलीकडे संसदेच्या इमारती आहेत. इथली विधानसभा १६३९ पासूनची. १६२७ मध्ये इंग्रज येऊन वसले, ते १९६६ पर्यंत हललेच नाहीत. कॅरिबियनमधली बाकीची बरीच बेटं फ्रेंच, डच, स्पॅनिश अशी हातोहात फिरत राहिली, हे मात्र नाही. समोरच्या चौकात १८१३ पासून इंग्रज नौसेनापती नेल्सनचा पुतळा उभा होता. तो नोव्हेंबर २०२० मध्ये काढला, आणि पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०२१ ला, बार्बाडोस प्रजासत्ताक झालं. चौकाचं नाव राष्ट्रवीरांचा चौक. तिथे जरा थांब. दोनशे वर्षं रोज डोळ्यासमोर असलेली वस्तू लोकांनी दंगा न करता, ठरवून, समारंभाने उतरवली, याला मोठी समज लागते.

तिथून चालत काही मिनिटांवर निधे इस्रायल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. याला पर्यटक कमी, म्हणून शांतपणे बघता येतं. १६५४ मध्ये पोर्तुगीजांनी ब्राझीलमधलं रेसिफे डचांकडून परत घेतलं, तिथले ज्यू परागंदा झाले, त्यांतले काही इथे आले. मूळ इमारत १८३१ च्या चक्रीवादळात पडली, आताची १८३३ ची. आवारात खोदकाम करताना २००८ मध्ये जमिनीखाली स्नानाचं जुनं कुंड सापडलं, झऱ्याच्या पाण्याचं, पायऱ्या उतरून जायचं. ऊस लावण्याची आणि साखर काढण्याची विद्याही ब्राझीलमधूनच इथे आली, १६४० नंतरच्या काही वर्षांत. बघता बघता बेटावरचं जंगल तुटलं आणि समुद्रापासून समुद्रापर्यंत ऊस उभा राहिला.

जॉर्ज वॉशिंग्टन १७५१ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना आजारी भावाला घेऊन इथे आला होता, ते घर गॅरिसनमध्ये आहे. इथेच त्याला देवी आल्या. वेळ उरला तर बघ, नाही तर सोडून दे.

दहाच्या सुमाराला फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या बसस्थानकावर ये. बेथशेबाची बस कुठल्या फलाटाला लागते, ते तिथे विचारून घे आणि परतीच्या बसच्या वेळाही त्याच वेळी विचार. खिडकीची जागा पकड. प्रवास साधारण तासाभराचा आहे, आणि माझ्या मते अख्ख्या दिवसातला हाच तास सर्वांत मोलाचा. फोन पिशवीत ठेव.

शहर संपलं की रस्त्याकडेला लाकडी घरं दिसू लागतील. छोटी, दोन्ही बाजूंना सारखी, मधोमध दार, उतरतं छप्पर, रंग उठावदार. त्यांच्या बुडाकडे बघ. पाया नाही. सुट्या दगडांवर घर नुसतं टेकवलेलं आहे. गुलामगिरी संपली तेव्हा माणसं मोकळी झाली, पण जमीन मळेवाल्याचीच राहिली. त्याने हाकललं की घर सुटं करून, गाडीवर घालून दुसरीकडे न्यायचं. म्हणून घर बांधायचं ते हलवता येईल असंच. आता त्यांना वीज आहे, पाणी आहे, मागे सिमेंटच्या खोल्या वाढवल्या आहेत, तरी समोरचा तो मूळ सांगाडा लोकांनी जपला आहे.

मग ऊस लागेल. तू कऱ्हाडची, उसात वाढलेली, म्हणून तुला मुद्दाम सांगते. इतरांना तिथे नुसतं हिरवं दिसतं. तुला उसाची पात हाताला कशी कापते ते माहीत आहे, तुरा आला म्हणजे काय ते माहीत आहे, बीडकडून कोयते घेऊन आलेल्या टोळ्यांची पालं तू शाळेच्या वाटेवर पाहिली आहेस. आता तिथे ऊस फार उरलेला नाही. कधी काळी शेकडो पवनचक्क्या होत्या, आज साखरेचा एकच कारखाना चालतो, पोर्टव्हेलचा. पण मळ्यांमध्ये मधूनच दगडी बुरूज दिसतील, वर पाती नसलेले, अंगावर वेली चढलेल्या. ते त्याच पवनचक्क्यांचे बुंधे. आत चरकाच्या उभ्या लाटा असत. रात्रंदिवस चालणारं काम, झोपेने डोळे मिटायचे, ऊस सारताना हात लाटांत जायचा. कॅरिबियनमधल्या चरकांशेजारी एक कुऱ्हाड टेकवून ठेवत, हात तोडून माणूस सोडवण्यासाठी. गुऱ्हाळावर तू रस प्यायली आहेस, चरक जवळून पाहिला आहेस, त्यामुळे हे तुला मी अधिक समजावून सांगायला नको.

बस चढत जाते, मग एकदम उतार लागतो आणि समोर अटलांटिक उघडतो. उतरताना जमिनीचा पोतही बदलतो. बेटाचा सहावा-सातवा हिस्सा सोडला तर सगळीकडे प्रवाळाच्या चुनखडीचा थर आहे. पूर्वेच्या या स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये तो झिजून गेला आहे, आणि खालची चिकणमाती नि वालुकाश्म उघडे पडले आहेत. म्हणून टेकड्या घडीघडीच्या, रस्ते खचलेले. चुनखडीतून पावसाचं पाणी गाळून खाली साठतं, त्यामुळे बेटावर मोठी नदी नाही, पण नळाचं पाणी खुशाल प्यावं असं आहे. बाटली घेऊन जा, विकत घेत बसू नकोस.

बेथशेबाला समुद्रात पोहायचं नाही. हे मी काळजीपोटी सांगत नाही, तिथलं कुणीही हेच सांगेल. आफ्रिकेपासून इथपर्यंत लाटांना आडवायला काहीच नाही, आणि खालून ओढ जबरदस्त आहे. लाटांवर पटाईत मंडळी फळ्या घेऊन खेळतात, ते किनाऱ्यावर बसून बघावं. वाळूत मोठमोठे प्रवाळ-खडक उभे आहेत, लाटांनी तळाशी कुरतडलेले, वर रुंद आणि खाली निमुळते. ओहोटीला खडकांमध्ये उथळ डबकी साठतात, स्थानिक बायका त्यात गळ्यापर्यंत बसून गप्पा मारतात. त्यांच्या शेजारी जाऊन बस. बसण्याआधी ‘गुड आफ्टरनून’. २०११ पासून काही काही मोसमांत या किनाऱ्यावर सारगासम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ ढिगाने येऊन पडतं, कुजलं की वास मारतं. तसं असेल तर नाराज होऊ नकोस, किनाऱ्याने चालत टेंट बेकडे जा. १९३७ पर्यंत ब्रिजटाऊनहून इकडे रेल्वे येत असे, ती वाट आता पायी चालायला आहे, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला दरड. टेंट बेला मासेमारीच्या होड्या लागतात. थोडं वर चढून ॲन्ड्रोमेडा बाग आहे, १९५४ मध्ये आयरिस बॅनॉकी या बाईंनी आपल्या घराभोवती लावलेली, त्यांच्यामागे नॅशनल ट्रस्टकडे गेलेली. पारंब्यांचं एक झाड तिथे आहे, आपल्या वडाचं सख्खं भावंड. ऊन चटका देणारं असेल, तेव्हा दुपारचा एक तास तिथे काढ. बेट चेन्नईच्या अक्षांशावर आहे. वारा असतो म्हणून ऊन जाणवत नाही आणि रात्री खांदे सोलवटून निघतात.

जेवणाचं. तू मासे खातेस, तुझी सोय झालीच. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी, चपट्या लाकडी काठीने घट्ट पिठल्यासारखं घोटलेलं, वर उडत्या माशाचं कालवण. हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. उडत्या माशाला बारीक काटे फार. बाजारात बायका तो हातात धरून तीन-चार कापांत असा साफ करतात की काटा एकही राहत नाही, आणि पुढचा मासा हातात घेताना मान वर करून गिऱ्हाईकाशी बोलतही असतात. जमलं तर ते बघ. हा मासा आता पूर्वीइतका मिळत नाही, आणि त्याच्यापायी बार्बाडोस आणि त्रिनिदाद एकमेकांविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले होते, २००६ मध्ये निकाल लागला. तुझ्या त्या शाकाहारी मैत्रिणीलाही सांग, ‘राइस अँड पीज’मधले दाणे तुरीचे असतात, पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस टाकायची पद्धत आहे, विचारल्याशिवाय ताट घेऊ नये. नीरफणस मात्र सगळीकडे मिळेल. आपल्या कोकणात काप करतात, तिथे उकडून, लोणी घालून किंवा आगीवर भाजून देतात. पॅसिफिकमधून इंग्रजांनी तो १७९३ मध्ये कॅरिबियनमध्ये आणला, गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून.

अडीच-तीनच्या बसने परत नीघ. शेवटच्या बसवर भिस्त ठेवू नकोस. शहरात उतरलीस की चालत कार्लाइल बे. सकाळपासून तू ज्या समुद्राला भ्यालीस त्याची ही दुसरी बाजू, पाणी गुडघाभर, मग कमरेइतकं, आणि तळ स्पष्ट दिसणारं. सगळे किनारे सरकारी आहेत, कुठल्याही हॉटेलसमोर तू हक्काने बसू शकतेस. किनाऱ्यावर लोकांच्या नजरेत राहून पोह. कासवं इथेही येतात. पोहून झालं की अंगावर कपडे घालूनच रस्त्यावर ये. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरणं तिथे असभ्य समजतात. आणि एक झाड ओळखून ठेव, मँचिनील. पश्चिमेच्या किनाऱ्यांवर असतं, बुंध्याला लाल पट्टा किंवा पाटी असते, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. फळ विषारी, चीक कातडी भाजणारा. पाऊस आला तरी त्याच्याखाली उभी राहू नकोस, पानांवरून ठिबकणारं पाणीही अंगावर फोड आणतं.

अंधार झपकन पडतो, हिवाळ्यात सहाच्या आतच. ऑइस्टिन्स तुझ्या हॉटेलच्याच रस्त्यावर पुढे आहे. शुक्रवारी रात्री तिथे अख्खा गाव लोटतो, ओळीने टपऱ्या, जाळीवर मासे, गाणी, म्हातारी जोडपी नाचताना दिसतील. लवकर जा, सातला. हातात प्लेट घेऊन लांब बाकावर कुणाच्याही शेजारी बस. जुलै २०२४ च्या बेरिल वादळात इथल्या आणि ब्रिजटाऊनच्या कित्येक होड्या फुटल्या, त्याच वादळात आपला विश्वविजयी संघही अडकून पडला होता. आपल्याकडे बातमी संघाची झाली. होडीवाल्यांकडे त्यांची बातमी विचार, ते सांगतील. नऊपर्यंत नीघ, आणि येताना टॅक्सी कर. पेला हातातून खाली ठेवलास तर तो सोडून दे, नवा घे. कुणी गळेपडू बोलू लागला तर हसून टाळत बसू नकोस, स्पष्ट ‘नो, थँक यू’ म्हण आणि टपरीवाल्या बाईजवळ जाऊन उभी राहा. पोलिसांचा नंबर २११. रात्री एकटीने वाळूतून चालत परतायचं नाही. आईला मी हे सगळं कबूल केलं आहे, तेव्हा तेवढं पाळ.

शनिवारी सकाळी टॅक्सी नेहमीपेक्षा दीड तास आधी बोलव आणि ड्रायव्हरला वाट थोडी वाकडी करायला सांग. आधी हॅगट हॉलचा चौक, तिथे मुक्तीचा पुतळा आहे, १९८५ चा, कार्ल ब्रूडहेगन यांचा. उघडा माणूस, दोन्ही हात वर, मनगटांतून तुटलेल्या साखळ्या लोंबत्या. लोक त्याला बुसा म्हणतात. एप्रिल १८१६ मध्ये ईस्टरच्या रात्री बुसाच्या पुढारपणाखाली गुलामांनी उठाव केला, मळे पेटवले, आणि तो चिरडला गेला. १८३४ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, पण आणखी चार वर्षं त्यांच्याकडून फुकट राबवून घेतलं. इंग्लंडच्या तिजोरीतून सगळ्या वसाहती मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली. ती मालकांना. राबलेल्यांना काहीही नाही.

मग न्यूटन. विमानतळाच्या वाटेवरच, थोडं आत. साखरेच्या मळ्याला लागून उतरती, गवताळ जमीन. तिथे सुमारे ५७० गुलाम पुरलेले आहेत. थडगी नाहीत, नावं नाहीत, गवताखाली कुठे कुठे किंचित उंचवटे. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, पुढे जमीन बार्बाडोस म्युझियमने घेतली. एका दफनात एक वयस्क माणूस मिळाला, गळ्यात हार होता. सतराव्या शतकाची अखेर किंवा अठराव्याची सुरुवात, तेव्हाचा. कवड्या, काचेचे मणी, कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, आणि त्यांत एक लालसर नारिंगी कार्नेलियन, म्हणजे आपला अकीक. अभ्यासकांनी तो भारतातला, बहुधा खंबातचा ठरवला आहे. गुजरातेतल्या कारागिराने घासून भोक पाडलेला मणी, अरब नि युरोपी व्यापाऱ्यांच्या हातून आफ्रिकेत गेला, आणि तिथून कुणाच्या तरी गळ्यात समुद्र ओलांडून या उसात आला. माणसं त्या वयस्क माणसाला वैदू मानत असावीत, म्हणून मरताना तो हार त्याच्याजवळच राहू दिला. ज्यांच्याजवळ स्वतःचं म्हणून काही नव्हतं, त्यांनी एका म्हाताऱ्याला एवढं सगळं देऊन निरोप दिला, हे मला वाचल्यापासून विसरता आलेलं नाही. तिथे जाऊन तू तरी उभी राहा. मी एवढ्या लोकांना एवढ्या ठिकाणी नेलं, पण या जमिनीवर एका आपल्या मुलीने जावं, असं मला मनापासून वाटतं.

तिथे दुकान नाही, तिकीट नाही, बघण्यासारखं काही उभारलेलंही नसेल. मोठं स्मारक उभं करायची घोषणा सरकारने २०२१ मध्ये केली आहे, आराखडा डेव्हिड ॲडजाये या वास्तुकाराचा. अर्धा तास दे. मग सरळ विमानतळ.

पासपोर्टची आणि कॅनडाच्या कागदांची एक प्रत फोनमध्ये, एक बॅगेत, एक आईकडे. बेथशेबाहून परत ब्रिजटाऊनला पोचलीस की आईला एक मेसेज, आणि ऑइस्टिन्सहून खोलीवर आलीस की दुसरा. मला रविवारी फोन कर, सविस्तर ऐकायचं आहे.

तुझी,
मावशी

ता. क. तुझी ती लष्करी हिरव्या ठिपक्यांची पँट टोरांटोलाच ठेव. बार्बाडोसमध्ये सैन्याखेरीज कुणीही तसला कपडा घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा. टोपी, पिशवीही नको, विमानतळावरच काढून घेतात.